पूर्ववर्धकाची खरेदी

गृहस्थाश्रमात मनुष्यास नाना प्रकारच्या वस्तू विकत घ्याव्या लागतात. त्यांपैकी बहुतेकांचे काम डोळ्यांना दिसते. पाट बसावयास, पंखा वाऱ्यास, कंदील उजेडास. परंतु वयाची पासष्टी ओलांडल्यावर मजवर अशी एक वस्तू निवडण्याचा प्रसंग आला, की जिचे नाव घरात कोणालाच नीट उच्चारता येईना, आणि जिच्या अंगी ना चक्र, ना काटा, ना स्वतःचा आवाज. दोन्ही अंगांस तारा जोडावयाच्या अशी ती एक लहानशी पत्र्याची डबी. तिला फोनो प्री-अ‍ॅम्प्लिफायर असे म्हणतात. मी आपल्या सोयीसाठी तिला ‘पूर्ववर्धक’ म्हणू लागलो. दहावीतल्या नातवाने ते ऐकून विचारले, "आजोबा, हे पंचांगातलं नक्षत्र का?"

आमचे घर मिरजेस ब्राह्मणपुरीत. माणसे पांगली तरी चूल अद्याप एक आहे. माझे थोरले बंधू, त्यांना सर्व घर दादा म्हणे, गाण्याचे विलक्षण नादी. १९७४ साली त्यांना नोकरी लागली, तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी एक लाँग प्ले तबकडी घरात येऊ लागली. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर अशी मंडळी आमच्या माजघरात एकामागून एक राहावयास आली. वहिनी पगाराचा हिशेब विचारीत आणि दादा तो शिताफीने चुकवीत. पुढे त्यांच्या जुन्या पेटीची चकती फिरेनाशी झाली. ती दुरुस्त करावयाची राहिली ती राहिलीच, आणि आठ वर्षांपूर्वी दादाही गेले. शंभरावर तबकड्या माळ्यावर पडून होत्या.

गेल्या दिवाळीत पुतण्याने पुण्याहून तबकड्या वाजविण्याचे एक नवे यंत्र आईसाठी आणले. मोठ्या हौसेने आम्ही ते घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले, एक तबकडी पुसून तीवर ठेविली, आणि सगळे घर भोवती बसले. जो आवाज आला तो इतका क्षीण, की सूनबाईने स्वयंपाकघरातला मिक्सर बंद केला तेव्हा कोठे तो ऐकू आला. कोणी पलीकडच्या वाड्यात पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गात असावे, तसा तो होता. वहिनी पाच मिनिटे ऐकून उठल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, हे ते गाणं नव्हे."

त्यानंतर जवळच्याच शहरातील एका दुकानदाराने "आवाज बारीक येतो ना? मग हे लावा" असे म्हणून एक डबी आमच्या गळ्यात मारली. ती मायक्रोफोनसाठीची निघाली. तिने आवाज मोठा केला हे खरे. परंतु डब्यात तोंड घालून गाणारा गृहस्थ आता डब्यासकट आमच्या ओसरीवर आला, एवढाच काय तो फरक. डबी परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की या वस्तूचे काम केवळ आवाज वाढविणे हे नसावे. दुसरे काही असावे, आणि ते समजून घेतल्यावाचून आणखी एक पैसाही खर्च करू नये. कारण पैसे वहिनींचे होते. त्यांनी पहिल्याच दिवशी पुतण्याला बजावले होते, "तबकड्या ह्यांनी पगारातून आणल्या, आता जे लागेल ते ह्यांच्या पेन्शनीतून येऊ दे. तू मध्ये पडू नकोस."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलेला मनुष्य. विजेचे शास्त्र मला परके. पण दोन आठवडे पुस्तके चाळल्यावर आणि पुतण्याला फोनवरून छळल्यावर जे हाती आले, त्याने मी थक्क झालो. तबकडीवरच्या रेषेत गाणे जसेच्या तसे कोरलेले नसते. ते जाणूनबुजून बिघडवून कोरलेले असते.

त्याचे कारण असे. खर्जातले स्वर मूळच्या जोराने कोरू म्हटले, तर त्यांची रेषा इतकी रुंद हेलकावे घेते की शेजारच्या रेषेत घुसेल; आणि तसे होऊ नये म्हणून रेषा दूरदूर काढाव्या, तर एका बाजूस वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावावयाचे नाही. म्हणून कोरताना खर्ज दाबतात. उलट वरचे, बारीक स्वर मुद्दाम वाढवून कोरतात. वाजविताना ते पुन्हा खाली आणले, म्हणजे त्यांच्याबरोबर सुईचा खरखराटही खाली जातो. हे दाबणे-वाढविणे थोडेथोडके नाही. मधल्या १००० कंपनांचा स्वर प्रमाण धरला, तर २० कंपनांचा स्वर सुमारे नऊपट दाबलेला असतो आणि २०,००० कंपनांचा सुमारे नऊपट चढविलेला असतो. पुरुष गवयाचा षड्ज काळी एकचा धरिला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सेकंदास ६९ कंपनांचा येतो. तो सुमारे सहापट दबतो. आमच्या पहिल्या बैठकीत तंबोरा कोठे गेला होता, हे मला तेव्हा कळले.

आणि येथेच माझ्या जुन्या धंद्याचा मला उपयोग झाला. ही तर निव्वळ संधी! ‘रामः अत्र’ याचे ‘रामोऽत्र’ होते. अकार लोपतो, विसर्ग रूप पालटतो, आणि शब्द कमी जागेत बसतो. वाचणाऱ्याला नियम ठाऊक असला, की तो विग्रह करून मूळची पदे परत उभी करतो. नियम ठाऊक नसला, तर ‘रामो’ नावाचा कोणी नवाच इसम त्याला भेटतो. तबकडीवर संधी केलेली असते आणि पूर्ववर्धक तिचा विग्रह करतो. वर्धन हे त्याचे दुसरे काम. पहिले काम हे. मायक्रोफोनची डबी व्याकरण न शिकलेल्या पण खणखणीत आवाजाच्या भटजीसारखी होती.

हा नियम सर्व कंपन्यांचा एक झाला तो १९५४ च्या सुमारास, अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने ठरविल्यावर. त्या संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘आर.आय.ए.ए.’ची वक्ररेषा म्हणतात. त्यापूर्वी जितक्या कंपन्या तितक्या रीती. प्रत्येक शाखेचे प्रातिशाख्य निराळे म्हणा ना. आमच्या तीर्थरूपांच्या वेळच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या घरात आहेत. त्यांना हा विग्रह लागू पडत नाही, आणि त्यांची रेषाही इतकी रुंद की लाँग प्लेची सुई तीत तळाशी घसरते. त्यांची सोय निराळी करावी लागेल. तूर्त त्या कापडात गुंडाळून ठेविल्या आहेत.

मग दादांच्या जुन्या पेटीला असली डबी का लागत नव्हती? हा प्रश्न नातवाने विचारला आणि तो रास्त होता. त्या काळच्या पेट्यांत बहुधा सिरॅमिक जातीची सुई असे. ती मुळातच जोराची वीज देई, आणि तिच्या घडणीमुळेच तो विग्रह ओबडधोबडपणे आपोआप होऊन जाई. मात्र ती तबकडीवर चांगलीच दाबून बसे. नव्या यंत्राची सुई चुंबकाची, हलकी आणि नाजूक. पुतण्याने आणलेल्या यंत्रास ऑडिओ-टेक्निकाची ‘व्हीएम ९५ ई’ सुई आहे. ती सुमारे ४ मिलिव्होल्ट वीज देते, आणि घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरला काही शे मिलिव्होल्ट हवेत. म्हणजे शंभरपट वाढ पाहिजे. हिलाच त्या शास्त्रात ४० डेसिबल म्हणतात. पूर्वीच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरांत हे सर्व आतच असे, आणि मागे ‘फोनो’ असे लिहिलेले भोक असे. सीडी आल्यावर पुष्कळ कारखानदारांनी ते काढून टाकिले. उलट आजची काही यंत्रे पोटातच पूर्ववर्धक घेऊन येतात. तेव्हा खरेदीस निघण्यापूर्वी यंत्राची पाठ आणि पोट पाहून घ्यावे. आत एक असताना बाहेर दुसरा लावणे म्हणजे विग्रह केलेल्या पदांचा पुन्हा विग्रह करणे होय. त्यातून नुसता घुमारा निघतो.

आता निवडीचा प्रश्न. पुतण्याच्या मनात व्हॉल्व्हची, काचेच्या नळ्या लुकलुकणारी एक डबी भरली होती. दिसावयास ती देखणी होती यात शंका नाही. किंमत मात्र माझ्या दीड महिन्याच्या निवृत्तिवेतनाएवढी. "काका, तिच्यात मूव्हिंग कॉइलचीही सोय आहे," तो म्हणाला. मूव्हिंग कॉइल ही सुईची दुसरी जात. ती याहून दसपट क्षीण वीज देते, म्हणून तिला हजारपट वाढ लागते. मी विचारले, "ती सुई आपल्याकडे आहे का?" तो म्हणाला, "पुढेमागे घेता येईल." जी सून अजून पाहिलीही नाही, तिच्यासाठी पाटल्या घडवून ठेवण्यातला हा प्रकार. मी तो नाकारला. त्याला थोडे वाईट वाटले, हे मला ठाऊक आहे.

प्रो-जेक्ट, रेगा, केंब्रिज ऑडिओ असे पुष्कळ कारखानदार या डब्या करतात. मी किंमत प्रथम पाहिली नाही. प्रथम सुईचा कागद पाहिला. तिला समोर ४७,००० ओहमचा रोध हवा. तो बहुतेक सर्व डब्यांत असतो. खरी गोम धारकतेत आहे. यंत्रापासून निघालेली तार आणि डबीचे तोंड यांची मिळून विद्युत्-धारकता १०० ते २०० पिकोफॅरड असावी, असे या सुईचे मागणे. ती फार वाढली तर वरच्या स्वरांत एक खोटा चरचरीतपणा येतो, आणि त्यापुढचे स्वर गळून पडतात. तार स्वतःच शंभराच्या आसपास खाऊन बसते, असा पुतण्याचा हिशेब. आम्हांला पसंत पडलेल्या एका डबीत ही धारकता कायमची ठरलेली आणि मोठी होती. ती सोडली. दुसरीत ती कमीजास्त करण्याची खिटी होती, आणि अतिमंद कंपने गाळण्याचे एक बटणही. हे बटण मला महत्त्वाचे वाटले. आठ उन्हाळे माळ्यावर काढलेल्या तबकड्या पापडासारख्या किंचित वाकल्या आहेत. तशी तबकडी फिरू लागली की ऐकू न येणारा एक हेलकावा उठतो आणि स्पीकरचा पडदा उगाच धापा टाकतो. ती दुसरी डबी आम्ही घेतली. ती काळी, कुरूप आणि स्वस्त आहे.

जोडल्यावर पहिल्यांदा नुसता ‘हूं’ असा सूर लागला. पुतण्या घाबरला. यंत्राच्या मागून निघणारी अर्थची बारीक तार डबीच्या स्क्रूखाली दाबावयाची राहिली होती, ती नातवाने दाबली. अ‍ॅम्प्लिफायरच्या विजेच्या तारांपासून डबी हातभर दूर ठेविली. सूर थांबला. पुतण्याने काकांची जिरवावी म्हणून एक गोष्ट सांगितली: १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर केसरबाई केरकरांच्या भैरवीसकट एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, आणि ती वाजविण्यासाठी सुईही सोबत धाडली आहे. "पण काका, तुमचा पूर्ववर्धक काही पाठवलेला नाही!" ज्याला ती सापडेल त्याची आमच्यासारखीच धावपळ होणार, याचे मला समाधान वाटले.

मग वहिनींना बोलाविले. तबकडी सुरू झाली. गवयाने अजून तोंड उघडले नव्हते. आधी तंबोरा आला. आम्ही मिरजेची माणसे. सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेत गेलो. जवारी लावताना तारेखाली दोरा सरकविताना पाहिला. जवारी खुलली म्हणजे काय होते, हे कानाला सांगावे लागत नाही. वहिनी भिंतीला टेकून बसल्या. काही वेळाने म्हणाल्या, "हा तंबोरा ह्यांच्या पेटीवर नव्हता हो." तक्रार होती की कौतुक, ते मला कळले नाही. मी विचारले, "मग हे बरोबर नाही का वाटत?" त्या म्हणाल्या, "बरोबर असेल. ओळखीचं नाही." सवयीचा आवाज आणि खरा आवाज यांत निवड करावी लागेल, हे मी दोन आठवड्यांच्या अभ्यासात कोठेच वाचले नव्हते.

चार-आठ दिवसांनी त्यांनी स्वतःच एक तबकडी काढून दिली. दादांची सर्वांत आवडती, रोज रात्री जेवणानंतर लागणारी. मला भीती होती तेच झाले. बाकीच्या तबकड्या स्वच्छ वाजत होत्या. ही मात्र तानेच्या जोराला फाटत होती, खरखरत होती. जुन्या जड सुईने ती वर्षानुवर्षे खरवडलेली. आता डबी जितकी प्रामाणिक तितका तो घाव स्पष्ट. मी धारकतेची खिटी इकडेतिकडे करून पाहिली; काही उपयोग झाला नाही. मी ओशाळून म्हणालो, "वहिनी, ही फारच झिजली आहे. बंद करतो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "ही ह्यांनीच झिजवली आहे." त्या ऐकत राहिल्या. दुसऱ्या बाजूचा मध्य आला असेल; त्यांनी हाताने मला थांबण्याची खूण केली आणि म्हणाल्या, "आता टक् होईल बघा."

तबकडी ‘टक्’ अशी उडाली आणि पुढे गाऊ लागली.