आधी पाहिलेलं लिहा

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका माध्यमिक शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. घटक चाचणीत ‘पिष्टमय पदार्थ कसा ओळखाल?’ असा प्रश्न आला की बहुतेक मुलं बिनचूक उत्तर लिहितात : आयोडिनचं द्रावण टाकल्यास निळा-काळा रंग येतो. वाक्य पाठ असतं, गुण मिळतात. पण त्याच मुलाच्या हातात ड्रॉपर दिला तर ते काय करेल, काय पाहील आणि त्यावरून काय ठरवेल, हे त्या गुणांवरून मला कळत नव्हतं. ते कळावं म्हणून मी जीवशास्त्राच्या पाठांवर प्रात्यक्षिक चाचणी घ्यायला लागले.

त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. आपल्या राज्यात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत ‘प्रात्यक्षिके/प्रयोग’ हे एक स्वतंत्र साधन आहे. अडचण एवढीच की हे गुण पुष्कळदा प्रयोगवही पाहून दिले जातात. वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं सगळं सुवाच्य अक्षरात असतं, पण निरीक्षणाच्या रकान्यातलं वाक्य सगळ्या वर्गाचं एकच असतं. ते फळ्यावरून उतरवलेलं असतं.

माझी चाचणी साधी आहे. तीन टेबलं, तीन कामं. आठ-दहा मुलांचा गट आत येतो, बाकीचा वर्ग बाहेर लेखी भाग सोडवतो. कागदावर दोनच रकाने : ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’. निरीक्षणात डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, अनुमानात त्यावरून काय वाटतं ते. निरीक्षणाला जास्त गुण, अनुमानाला कमी. हे मी मुलांना आधीच सांगून ठेवते.

पहिल्या टेबलावर चार वाट्या : अ, ब, क, ड. तांदळाची पिठी, घरी दळलेली साखर, मीठ आणि बेसन. साखर घरी दळते, कारण विकतच्या पिठीसाखरेत कधी कधी मक्याचं पीठ मिसळलेलं असतं आणि मग तीही निळी पडते. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडिन पाण्यात घालून फिकट चहाच्या रंगाचं करून घेतलं की द्रावण तयार. नमुने थंड असले पाहिजेत, कारण गरम पिष्टावर तो निळा रंग टिकत नाही. प्रत्येक मुलाला एक पांढरी फरशी, चार चिमटी नमुने आणि एक ड्रॉपर.

इथे सगळ्यात आधी हात दिसतात. ड्रॉपरचं टोक पिठाला टेकवलं तर ते पीठ पुढच्या नमुन्यात जातं आणि मीठसुद्धा काळं दिसायला लागतं. काही मुलं हे लगेच ओळखतात, टोक धुतात आणि मिठाचा नमुना नव्याने घेतात. त्यांना मी हाताळणीचे पूर्ण गुण देते. ही समज लेखी उत्तरात उतरण्याची सोयच नाही.

खरी परीक्षा असते बेसनाची. ते रंगावरून आणि वासावरून ओळखू येतं आणि मला तेच हवं असतं. डाळी म्हणजे प्रथिनं, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डाळींत प्रथिनं भरपूर असतात हे खरंच आहे, पण हरभऱ्यात पिष्टाचं प्रमाण प्रथिनांहून जास्त असतं. त्यामुळे आयोडिनचा थेंब पडला की बेसनही काळपट होतं. थेंब डोळ्यांसमोर काळा झालेला असतो आणि मुलाच्या कागदावर लिहिलेलं असतं : ‘बदल नाही.’

अशाच एका मुलाला मी विचारलं, “फरशीवर काय दिसतंय?”

“काळं झालंय, मॅडम.”

“मग बदल नाही असं का लिहिलंस?”

“बेसन हाय न्हवं का. त्यात प्रोटीन असतंय.”

तो हुशार मुलगा आहे, लेखीत नेहमी वरच्या गुणांत असतो. त्याने डोळ्यांपेक्षा पुस्तकावर भरवसा ठेवला. पुस्तक चुकीचं नव्हतं, पण समोर जे घडलं ते पुस्तकातल्या त्या एका वाक्यापेक्षा जास्त होतं. त्याच टेबलावरच्या एका मुलीने निरीक्षणात ‘काळा रंग आला’ असं लिहिलं, अनुमानात ‘यात पिष्ट असावे’ आणि खाली एक प्रश्न : ‘डाळीत प्रथिने असतात असे शिकलो. दोन्ही असू शकते का?’ ही मुलगी लेखीत मागे पडते, तिचं शुद्धलेखन कच्चं आहे. प्रात्यक्षिक घेतलं नसतं तर तिची विचार करण्याची ताकद मला दिसलीच नसती.

दुसऱ्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि कांदा. कांद्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने काढायचा, पाण्यात ठेवायचा, काचपट्टीवर पसरायचा, आयोडिनचा थेंब द्यायचा आणि सुईच्या आधाराने कव्हर स्लिप तिरकी धरून हळूहळू खाली सोडायची. घाई केली की हवा अडकते. भिंगाखाली काळ्या जाड कडेचे गोल बुडबुडे दिसतात आणि पुष्कळ मुलं त्यांनाच पेशी समजून आकृती काढतात. आधी कमी शक्तीचं भिंग लावायचं, नळी भिंगातून नव्हे तर बाजूने पाहत खाली आणायची आणि मग डोळा लावून वर घेत जायचं, हा क्रम हाताला लागायला वेळ लागतो. दहाचं नेत्रभिंग आणि दहाचं वस्तुभिंग असेल तर प्रतिमा किती पट मोठी, हेही तिथेच विचारते. वीस म्हणणारी मुलं दर वर्षी असतात. त्यांना शंभर का, ते तिथल्या तिथे समजावता येतं.

मी आकृती पाहते ती सुबकतेसाठी नाही. कांद्याच्या पेशी लांबट विटांसारख्या रचलेल्या दिसतात आणि मोठ्या रिक्तिकेमुळे केंद्रक बऱ्याच पेशींत कडेला सरकलेलं असतं. ज्या आकृतीत प्रत्येक केंद्रक बरोबर मध्यभागी आहे, ती पुस्तकातून आठवून काढलेली असते. काही जण हिरवी हरितलवकंही काढतात, कारण वनस्पतिपेशीच्या आकृतीत ती असतात. कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात ती नसतातच, तो भाग जमिनीत वाढतो. ‘तुला इथे हिरवं काही दिसलं का?’ एवढं विचारलं की मूल पुन्हा डोळा लावतं, आणि हरितलवक कशासाठी असतं हा पाठ त्याला तेव्हा समजतो.

या वेळी मी त्यांना रॉबर्ट हुकबद्दल सांगते. 1665 मध्ये त्याने बुचाच्या कापाचं चित्र प्रसिद्ध केलं, त्यात नुसते रिकामे कप्पे आहेत. बूच म्हणजे मृत पेशी, आत काही उरलेलं नव्हतं, आणि त्याने जे दिसलं तेच काढलं. केंद्रकाला नाव मिळालं ते 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राऊनकडून. प्रामाणिक चित्र अपुरं असलं तरी चालतं, त्यावर पुढचा माणूस काम करू शकतो.

तिसऱ्या टेबलावर मटकी. आमच्या भागात ती घरोघरी असते. एका बाटलीत मोड आलेली मटकी, दुसरीत उकडून गार केलेली, तिसरी रिकामी. प्रत्येकीत दोऱ्याने टांगलेल्या छोट्या नळीत चुन्याची निवळी आणि वरून घट्ट बूच. निवळी पानाच्या चुन्याचीच, रात्रभर स्थिर ठेवून वरचं नितळ पाणी घेतलेलं. ते डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाटल्या मीच लावते. सकाळी लावल्या की दुपारनंतर पहिल्या बाटलीतली निवळी दुधाळ दिसते. मुलांना विचारायचं : तिन्हींत काय दिसतं, आणि तिसरी बाटली रिकामी कशासाठी?

झाडं फक्त रात्री श्वसन करतात, असा समज आठवीतही घट्ट असतो. श्वसनातला कार्बन डायऑक्साइड निवळी दुधाळ करतो; भर दिवसा मोडांनी ती तशी केलेली पाहिली की तो समज हलतो. ‘बाटलीतल्या हवेतपण थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, तेवढ्याने काय होतं ते रिकाम्या बाटलीत कळतं,’ असं ज्याने स्वतःहून सांगितलं त्याला तुलनेचा प्रयोग समजला. पुढचा प्रश्न मी वरच्या मुलांसाठी ठेवते : उकडलेल्या मटकीची बाटली दोन दिवस तशीच ठेवली तर? मटकी आंबेल, तिच्यावरचे सूक्ष्मजीव श्वसन करतील आणि तीही निवळी दुधाळ होईल. श्वसनाचा पाठ आणि सूक्ष्मजीवांचा पाठ असे एका बाटलीत जोडले जातात.

प्रात्यक्षिक परीक्षा इतरत्रही होतात. मुंबई सायन्स टीचर्स असोसिएशन 1981 पासून सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. तिच्यात प्रात्यक्षिकाची फेरी आहे, पण ती लेखी परीक्षेतून निवडलेल्यांसाठी. दहावीला विज्ञानात 20 गुणांचं प्रात्यक्षिक सगळ्यांना असतं, पण तोवर पाठ करण्याची सवय मुरलेली असते. पाहण्याची सवय लावायचं वय अकरा ते चौदा हेच आहे, आणि ती निवडक मुलांना नाही तर सगळ्यांना लागली पाहिजे.

वेळ जातो, हे खरं आहे. सूक्ष्मदर्शक सगळ्या शाळांत धड नसतात, हेही खरं आहे. पण आयोडिन, पिठी, साखर, मीठ, बेसन, मटकी आणि चुना कुठल्याही गावात मिळतात. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे : यंदाच्या सत्रात निदान एक चाचणी अशी घ्या. गुण देताना ‘काय दिसलं?’ हे आधी विचारा, ‘का?’ नंतर विचारा, आणि पुस्तकाविरुद्ध पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहिणाऱ्या मुलाचा एकही गुण कापू नका.