कंदिलाची काच

आमच्या वसतिगृहात वीज गेली की कंदील लागत. ज्याची काच पुसण्याची पाळी असे, त्याला गुरुजी सांगत, "घासू नकोस, टिपून घे. आणि फुटली तर लपवू नकोस." या दोन्ही वाक्यांचा अर्थ मला नोकरीत उमगला.

पाणी तपासणी प्रयोगशाळेत रुजू होऊन दोनच महिने झाले होते. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, मोजणाऱ्या मीटरच्या इलेक्ट्रोडला टोकाशी पातळ काचेचा फुगा असतो. शुद्ध पाण्यात तो स्वच्छ राहील, या समजुतीने शनिवारी मी तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घरी गेलो. सोमवारी घाईत, न पडताळताच वापरला. एका गावच्या विहिरीच्या पाण्याचा सामू 6.1 आला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू 6.5 ते 8.5 असावा लागतो. अहवाल गेला. गावाने विहीर सोडली. आयाबाया लांबून हंडे वाहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी 7 च्या बफर द्रावणात मीटर 6.3 दाखवू लागले. चूक माझी होती आणि ती कोणाच्या ध्यानात आली नसती. पण गुरुजींचा शब्द आठवला. साहेबांना सर्व सांगितले, बोलणी खाल्ली. नमुना पुन्हा तपासला; सामू 6.8 भरला. दुरुस्त अहवाल मी स्वतः गावी नेऊन दिला.

तेव्हापासून माझा नेम ठरला. डिस्टिल्ड पाणी केवळ विसळण्यापुरते. त्यात ठेवल्यास इलेक्ट्रोडमधील क्षार बाहेर झिरपतात. ठेवताना टोपणात 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण असावे. काच कोरडी पडल्यास तिच्यावरील ओलसर थर नाहीसा होतो. मग ती रात्रभर त्याच द्रावणात भिजवावी. विसळल्यावर मऊ कागदाने टिपावे, घासू नये. क्षारांचा पापुद्रा विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने काढावा. रोज कामापूर्वी 7 व 4 च्या ताज्या बफरने मीटर जुळवावे आणि वापरलेले बफर बाटलीत परत ओतू नये.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या वाडवडिलांना पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावावा लागला. आज त्यांच्याच नातवाच्या शब्दावर एक गाव पाणी पिते किंवा सोडते. तो शब्द खरा ठेवण्याची शिकवण ज्या वास्तूने दिली, तिला माझे कृतज्ञ वंदन.