रंगीत तालीम कोणासाठी?

मॉक ड्रिलला मराठीत 'रंगीत तालीम' म्हणतात. हा शब्द नाटकातला आहे. अणुवीज केंद्रांच्या बाबतीत आमची शंकाही नेमकी तीच आहे.

पालघर जिल्ह्यातील तारापूर केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. आपल्याकडे अशा केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन असते. केंद्राबाहेरचा सराव दोन वर्षांतून एकदा होतो आणि त्याची सूत्रे जिल्हा प्रशासनाकडे असतात. निरोप देणे, लोकांना घरात थांबवणे, आयोडीनच्या गोळ्या वाटणे, गाव हलवणे, हे सगळे त्यात येते. पण तारीख आधीच ठरलेली असते. अपघात तारीख कळवून येत नाही.

मग सराव बंद करायचे का? मुळीच नाही. सरावाची किंमत त्यातून सापडणाऱ्या चुकांत असते. ज्या सरावात एकही चूक सापडत नाही, तो सराव नव्हे, समारंभ आहे.

जपानसारखा सरावाची सवय असलेला देश पाहा. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमात अपघात झाला. तिथले आपत्ती नियंत्रण केंद्र अणुभट्टीपासून सुमारे ५ किलोमीटरवर होते, तेच सोडून जावे लागले. फुताबा रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना तासन्‌तास बसमधून फिरवले गेले. त्या स्थलांतरात आणि त्यानंतर ४० हून अधिक रुग्ण दगावले. धडधाकट माणसे गृहीत धरून केलेली योजना दुबळ्यांच्या जिवावर बेतली.

आपल्याकडे त्या बसमध्ये कोण असेल? पाड्यावरची वारली म्हातारी. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाची घरी राहिलेली पोरे. बोईसरच्या एमआयडीसीत दाटीवाटीने राहणारा परप्रांतीय कामगार, ज्याचे नाव गावच्या कुठल्याच यादीत नाही. आपत्ती जात पाहत नाही असे म्हणतात, पण मदत वाटणारे हात पाहतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांतही भेदभाव सोसावा लागला. समाजशास्त्र शिकताना आम्ही हे वाचले. वस्तीत काम करताना रेशनच्या रांगेतही तेच पाहतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज धोरणाचे काम त्यांच्याकडे होते. वीज आणि मजूर हे दोन्ही विषय एकाच टेबलावर होते. आज वीज शहरात जाते आणि धोका पाड्यावर राहतो, म्हणून ते टेबल पुन्हा मांडावे लागेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. एखादा सराव न सांगता आणि रात्री व्हावा. सूचना वारली आणि हिंदीतही द्याव्यात. अपंग, गरोदर बाया आणि स्थलांतरित मजूर यांची यादी वस्तीवार असावी. सरावाचा अहवाल, त्यातल्या चुकांसह, ग्रामसभेत वाचला जावा.

मित्रांनो, १६ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने पुढच्या ग्रामसभेत उभे राहून एकच प्रश्न विचारावा: आमच्या वस्तीची बस कुठे उभी राहणार आहे?

जय भीम!