लँड रोव्हरच्या गावात : सत्तर वर्षांच्या गाड्या आणि संदकफूची वाट

दार्जिलिंग म्हटलं की चहाचे मळे, टॉय ट्रेन आणि टायगर हिलवरचा सूर्योदय आठवतो. बहुतेक कुटुंबं ही तीन ठिकाणं पाहून, चहाची पाकिटं घेऊन परततात. पण दार्जिलिंगपासून साधारण २६ किलोमीटरवर मानेभंज्यांग नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या रस्त्याच्या कडेला रोज सकाळी अशा गाड्या उभ्या असतात, ज्या इतर कुठं दिसल्या असत्या तर लोकांनी त्यांच्याभोवती दोरी बांधून फोटो काढले असते. या आहेत १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर. इथं मात्र त्यांच्या टपावर तांदळाची पोती, गॅसचे सिलिंडर आणि पर्यटकांच्या बॅगा चढत असतात.

मानेभंज्यांग हे नाव ऐकून आईला वाटलं, कुणा मान्यांचं गाव असेल! प्रत्यक्षात ‘माने’ म्हणजे बौद्ध प्रार्थनेची भिंत किंवा स्तूप आणि ‘भंज्यांग’ म्हणजे खिंड. गाव भारत-नेपाळ सीमेवर आहे, इतकं सीमेवर की चहा भारतात घ्यावा आणि मोमो नेपाळमध्ये खावेत. इथूनच संदकफूची वाट सुरू होते. ३,६३६ मीटर उंचीचं संदकफू हे पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. अंतर जेमतेम ३१ किलोमीटर, पण चढ सुमारे दीड हजार मीटरहून अधिक.

मुळात शेतकऱ्याचा पिकअप

लँड रोव्हर म्हटलं की आज आपल्याला कोट्यवधींच्या चकचकीत गाड्या आठवतात. पण तिचा जन्म शेतावरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतात जुनी अमेरिकन विलिस जीप वापरत. ती झिजल्यावर काय करायचं, या प्रश्नातून नवी गाडी आकाराला आली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली.

युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून गाडीचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं गेलं. समोर बसायची जागा, मागे उघडा हौदा आणि वर हवं तर ताडपत्री. थोडक्यात, चारही चाकांना ताकद देणारा साधा पिकअप. दार्जिलिंगच्या मळ्यांतल्या ब्रिटिश चहा मळेवाल्यांनी या गाड्या आणल्या. ते मायदेशी गेले, गाड्या इथंच राहिल्या आणि हळूहळू डोंगरातल्या चालकांच्या हाती आल्या. आज काही डझन गाड्या या वाटेवर चालतात.

आम्ही तिथं का गेलो?

आम्ही इंदूरचे. महूजवळच्या आमच्या शेतावर आजोबांनी घेतलेला एक जुना फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. आजोबा गेल्यापासून तो गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा. भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला होता. आईचं म्हणणं, दारात लोखंड साठवून काय उपयोग? काकांचं म्हणणं, रंग मारून फार्महाउसच्या फाटकावर शोभेला ठेवू. बाबांना मात्र तो पुन्हा उभा करून डोंगरांत फिरायचं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाचं हे स्वप्न घरात कुणीच फारसं मनावर घेत नव्हतं.

दार्जिलिंगची सहल आधीच ठरली होती. मानेभंज्यांगबद्दल मी कुठंतरी वाचलं होतं. म्हटलं, दोन दिवस वाढवू. जुनी गाडी वर्षानुवर्षं डोंगरात चालवणारी माणसं जे सांगतील ते आपल्या शहरातलं एखादं गॅरेज सांगणार नाही.

चढावर काय घडतं?

गाव सोडताच वाट चित्रेकडे नागमोडी वळणं घेत जवळजवळ उभी चढते. आमचे चालक पन्नाशीचे होते. तिथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना ‘दाजू’ म्हणजे दादा म्हणू लागलो. त्यांनी गिअरच्या शेजारचा दुसरा छोटा दांडा ओढला आणि गाडीचा आवाजच बदलला.

हा दांडा ट्रान्सफर केसचा. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना वाटण्याचं काम हा डबा करतो. त्यातच ‘लो’ गिअरही असतो. तो टाकला की गाडी चालण्याच्या वेगानं जाते, पण चाकांना कितीतरी पट जोर मिळतो. एक चाक हवेत किंवा चिखलात असलं तरी दुसऱ्या आसाची चाकं गाडी ओढून नेतात. उतारावरही हाच गिअर कामी येतो. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, त्यामुळे सतत ब्रेक दाबून ते तापवावे लागत नाहीत. ‘ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही,’ दाजू म्हणाले. बाबांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

मेघमाला ढग, टोंगलूला वारा आणि टुमलिंगला, जे नेपाळच्या हद्दीत आहे, गरम गरम थुक्पा. तिथून गाडी गैरीबासला खाली उतरते आणि मग पुन्हा चढ सुरू. हा सगळा भाग सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाचा. १९९२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या या जंगलात लाल पांडा राहतो. आम्हाला काही तो दिसला नाही, बांबूची दाट बनं मात्र दिसली. पुढे काळसर पाण्याचं कालापोखरी तळं आणि मग बिखेभंज्यांगपासूनचा शेवटचा चढ, जिथं आईनं डोळे मिटून रामरक्षा सुरू केली.

संदकफूच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असतो. माणसाला धाप लागते, तशी इंजिनालाही लागते. त्यामुळे खाली मैदानात जेवढी ताकद मिळते, तेवढी इथं मिळत नाही. तरीही गाडी पोहोचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे समोर कुंभकर्ण आणि कांचनजंगा मिळून झोपलेल्या बुद्धाचा आकार दिसला. डावीकडे एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार एकाच जागेवरून पाहताना आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

बदलल्या, म्हणून टिकल्या

चहा घेताना बाबांनी दाजूंना थेट विचारलं, ‘या गाडीत मूळचं काय काय आहे?’ दाजू हसले. अंग, चासी आणि स्टिअरिंग, असं त्यांनी बोटांवर मोजलं. इंजिन? ते कधीच बदललं. मूळ पेट्रोल इंजिन तेल फार पीत असे आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले. इथल्या बऱ्याच लँड रोव्हरमध्ये आज महिंद्राचं डिझेल इंजिन आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही चांगला जोर देतं आणि चढावर तोच लागतो. शिवाय त्याचा प्रत्येक भाग सिलिगुडीत सहज मिळतो. गंमत अशी की २००८ पासून लँड रोव्हर ही कंपनी टाटांची आहे. म्हणजे या गाड्यांचं नाव एका मुंबईकर कंपनीकडे आणि काळीज दुसऱ्या मुंबईकर कंपनीचं!

इंजिन बदलणं म्हणजे एक काढून दुसरं ठेवणं नव्हे. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायला मधे पोलादी प्लेट बनवावी लागते. इंजिन बसवायचे आधार नव्यानं वेल्डिंग करावे लागतात. दोन्हींचे दांडे एका रेषेत आले नाहीत तर क्लच आणि बेअरिंग लवकर खलास होतात. कमानपाट्यांची पानं तुटली की तेवढीच बदलायची. अंगाचे पत्रे नट-बोल्टनं जोडलेले असल्यामुळे एक पत्रा चेपला तर तेवढाच काढून ठोकता येतो. ही गाडी मजबूत तर आहेच, पण ती सुटी करता येते, हे तिचं खरं वैशिष्ट्य.

‘मग जपायचं काय?’ बाबांनी विचारलं. ‘चासी,’ दाजू म्हणाले. ‘अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, पण खालची चासी पोलादी आहे. ती आतून गंजली की वरून कितीही रंग लावा, उपयोग नाही. बाकी सगळं मिळतं.’

परतल्यावर मी आणखी एक गोष्ट शोधली. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, पण चासी, अंग किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडीच त्यात बसते आणि ती रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. म्हणजे संदकफूच्या या गाड्या वयानं पात्र असूनही व्हिंटेज ठरणार नाहीत. संग्रहालयातल्या गाड्या न बदलल्यामुळे मौल्यवान ठरतात. या गाड्या बदलल्या आणि राबल्या, म्हणून जिवंत राहिल्या.

रस्ता सुधारतोय, पुढे काय?

पूर्वी ही वाट दगडगोट्यांची होती आणि तिथं दुसरी गाडी टिकतच नसे. गेल्या काही वर्षांत तिचा मोठा भाग पक्का झाला. आता बोलेरोसारख्या नव्या गाड्याही वर जातात. त्या आरामशीर आहेत, लवकर पोहोचवतात. वरच्या वस्त्यांमधल्या आजारी माणसाला खाली आणणं सोपं झालं, हे दाजूंनीच आधी सांगितलं. पण ज्या खडतर वाटेमुळे लँड रोव्हरला पर्याय नव्हता, ती वाटच आता सोपी झाली आहे. ‘माझा मुलगा बोलेरो चालवतो,’ ते म्हणाले. ‘तो म्हणतो, बाबा, ही विका. पण घ्यायला येणारा तिला काचेत ठेवेल.’ संदकफूपासून फालुतपर्यंतची २१ किलोमीटरची वाट अजून कच्ची आहे. तिथं मात्र जुनी गाडीच बरी, असं तिथले चालक मानतात.

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर

बाबांच्या वहीतले मुद्दे, आमच्या मेकॅनिकशी बोलून नीट केलेले :

* आधी चासी तपासा. गाडी लिफ्टवर घेऊन हातोडीनं ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले, तर आधी तिथला खर्च काढा. चासी पोकळ झाली असेल तर मोह सोडा.
* रंग, लाइट, टपावरचा कॅरिअर हे सगळं शेवटी. सुरुवात ब्रेक, स्टिअरिंग, कमानपाटे आणि टायरपासून करा.
* फोर व्हील ड्राइव्हची गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर ट्रान्सफर केस आणि दोन्ही आसांमधलं तेल आधी बदला, ऑइल सील तपासा.
* इंजिन, इंधनाचा प्रकार किंवा बॉडी बदलायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आधी आरटीओची परवानगी घ्या. नाहीतर विम्याचा दावाही अडकू शकतो.
* खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांचे नियम अधिक कडक आहेत, तिकडे जाण्याआधी माहिती घ्या.
* ठरवलेल्या खर्चाच्या वर थोडी रक्कम बाजूला ठेवा. जुनी गाडी उघडल्यावरच खरं दुखणं कळतं.

आमच्या पिकअपची चासी ठोकून पाहिली तेव्हा मागचा एक आडवा पट्टा गंजलेला निघाला, बाकी ठणठणीत. पट्टा नवा बसवला. इंजिन तेच ठेवलं, कारण त्याचे भाग अजून मिळतात. काकांची फाटकावरची कल्पना मागे पडली. आईनं एकच अट घातली आहे, मागच्या सीटला सीटबेल्ट हवेत. बाबांनी ती आनंदानं मान्य केली, कारण याचा अर्थ आई सोबत येणार आहे.

जायचं असेल तर

न्यू जलपाईगुडी रेल्वे स्थानक किंवा बागडोगरा विमानतळावरून मानेभंज्यांगला टॅक्सीनं जाता येतं. लँड रोव्हर गावातच, मालक-चालकांच्या संघटनेमार्फत मिळते. गाडी ठरवताना लँड रोव्हरच हवी, असं स्पष्ट सांगा. शिखरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांसाठी एप्रिल-मे उत्तम. १६ जून ते १५ सप्टेंबर उद्यान बंद असतं. सीमाभाग असल्यामुळे सशस्त्र सीमा बलाची तपासणी होते, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर एका दिवसात वर जाऊ नका. टुमलिंगला एक मुक्काम केला की शरीराला उंचीची सवय होते. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर वाट न पाहता खाली उतरा. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

लँड रोव्हरमध्ये धक्के बसतील, पाठ दुखेल, बोलेरोपेक्षा वेळही जास्त लागेल. तरी जाताना तीच निवडा. या गाड्यांना गिऱ्हाईक मिळत राहिलं, तरच त्यांचे पत्रे ठोकणारे हात आणि त्या चालवणारे दाजू या वाटेवर राहतील.