दोऱ्या, ओळंबा आणि तपासनीस

घरी बांधलेली मोटार ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणायची असेल तर आधी ती सरकारी तपासनिसापुढे उभी करावी लागते. 1998 पासून या तपासणीला ‘एसव्हीए’ म्हणत. 2009 पासून तिच्या जागी ‘आयव्हीए’ आली. एका माणसाने बांधलेल्या एकाच गाडीची ही परीक्षा असते. किट कार बांधणाऱ्यांच्या गप्पांत तिचा उल्लेख बहुधा वाटेतली धोंड म्हणूनच होतो. मी मिडलंड्समधल्या माझ्या गॅरेजमध्ये दोन आसनांची एक उघडी गाडी बांधली आणि ती या परीक्षेतून नेली. माझं मत नेमकं उलटं आहे. ही तपासणी आहे म्हणूनच माझ्यासारख्या नोकरदार माणसाला घरी गाडी बांधायची मुभा आहे.

माझी गाडी ज्या घराण्यातली, ते घराणं कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हनचं. ती 1957 मध्ये आली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि पुढची चाकं अंगाबाहेर. तयार गाडीवर त्या काळी खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या पेटाऱ्यावर लागत नसे. म्हणून लोक पेटारा घेत आणि घरी जोडत. सांगतात की जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागू होईल, म्हणून गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटून वाचायच्या. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण तोवर लोकांना घरी गाडी बांधण्याची गोडी लागली होती, ती काही गेली नाही. माझ्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि हब एका जुन्या माझदा एमएक्स-5 मधून आले. सांगाड्यावर बसलेली बाकीची प्रत्येक वस्तू माझ्या हातून गेली आहे.

बांधून झालेली गाडी आणि तपासणीला तयार असलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधताना आपण आसनात बसून विचार करतो. हात स्टिअरिंगपर्यंत पोचतो का, पाय पेडलवर नीट बसतो का, हेच डोक्यात असतं. तपासनीस मात्र गाडीभोवती फिरतो आणि त्याच्या हातात 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. बाहेरच्या ज्या ज्या भागाला तो गोळा टेकू शकतो, तिथली कड किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. त्या गोळ्याच्या जागी रस्त्याने चालणाऱ्या एखाद्या पोराचा गुडघा किंवा म्हातारीचा हात आहे असं समजा, म्हणजे नियमावलीतलं प्रत्येक पान कळायला लागतं. आतल्या बाजूला 165 मिलिमीटरचा गोळा फिरतो, तो बसणाऱ्याच्या डोक्यासाठी.

बाहेरचा गोळा मी स्वतःच लेथवर लाकडाचा करून घेतला आणि संध्याकाळभर गाडीवर फिरवत राहिलो. सेव्हनच्या धाटणीच्या गाडीत विशबोन, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे, उघडे असतात. त्यांचे बोल्ट, नटांबाहेर आलेले आटे, दिव्याच्या वाटीची कड, मडगार्डच्या पट्टीचं टोक, सगळं त्या गोळ्याला लागतं. काही ठिकाणी कानस मारली, काही ठिकाणी बोल्ट उलटा घालून त्याचं गोल डोकं बाहेर आणलं, काही ठिकाणी नटावर प्लास्टिकची टोपी बसवली. हे काम कंटाळवाणं आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपण बांधलेली वस्तू परक्याच्या शरीराला कशी लागेल, हे बोटांनी शिकवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

बाकीची यादी मोठी आहे, पण तिच्यात गूढ काही नाही. वायर दर 300 मिलिमीटरला बांधलेली हवी. वेगदर्शक काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवू नये. आवाज 99 डेसिबलच्या आत हवा. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकता कामा नयेत, कारण मागचं चाक आधी घसरलं की गाडी स्वतःभोवती फिरते. प्रत्येक महत्त्वाचा नट ठरलेल्या ताकदीने आवळल्यावर मी नटापासून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते चाकांच्या अलाइनमेंटमध्ये.

गॅरेजवाल्याच्या लेझर यंत्राने हे काम लवकर होतं, आणि शेवटी मीही पडताळणीसाठी तिथे गेलो. पण पहिली मांडणी घरीच करावी, तीही दोरीने. लागणारी अवजारं गवंड्याच्या पिशवीतलीच: पाण्याची पारदर्शक नळी, ओळंबा, गुण्या आणि न ताणणारी दोरी. आधी जमीन. गॅरेजची फरशी डोळ्याला सपाट दिसते, नळीतलं पाणी खरं सांगतं. जिथे चाकं उभी राहणार त्या चार जागा पातळ फरश्या आणि पत्र्याच्या तुकड्यांनी एका पातळीत आणल्या. मग टायरमधली हवा, मग चालकाच्या आसनात माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. कारखान्यातल्या जड गाडीत एका माणसाने फारसं बिघडत नाही. सहाशे किलोच्या आसपासच्या गाडीत चालक हा वजनाचा मोठा हिस्सा असतो, आणि तो एका बाजूला बसतो.

मग गाडीची उंची आणि चारही चाकांवरचं वजन. हे चौरंगासारखं आहे. एक पाय उंचावला तर भार फक्त त्या पायावर वाढत नाही, तिरक्या कोपऱ्यातल्या पायावरही वाढतो आणि उरलेले दोन हलके होतात. स्प्रिंगच्या चकत्या थोड्या थोड्या फिरवत दोन्ही कर्णांवरचा भार जवळ आणायचा. इथे घाई केली तर पुढचं प्रत्येक माप खोटं.

दोऱ्या ताणायची युक्ती सोपी आहे, पण तिच्यात एक मेख आहे. पुष्कळ जण दोरी पुढच्या आणि मागच्या हबपासून सारख्याच अंतरावर धरतात. पुढच्या चाकांमधलं अंतर आणि मागच्या चाकांमधलं अंतर सहसा सारखं नसतं, त्यामुळे अशी दोरी तिरपी जाते. मी दोन नळ्या घेतल्या, दोन्हींवर सारख्याच अंतरावर खाचा पाडल्या, एक नळी गाडीपुढे आणि एक मागे आडवी ठेवली आणि खाचांतून दोऱ्या ओढल्या. आता दोऱ्या एकमेकींना समांतर राहणारच. उरलं फक्त डाव्या-उजव्या हबपासूनचं अंतर सारखं करणं, पुढे वेगळं आणि मागे वेगळं. गाडीची मधली रेषा डोळ्यांना दिसत नाही, या दोऱ्या ती दाखवतात. चाकं एकमेकांशी जुळवायची नसतात, ती त्या रेषेशी जुळवायची असतात.

चाकाच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या असल्या तर टो-इन, बाहेर असल्या तर टो-आउट. तेरा इंची रिमवर पुढच्या आणि मागच्या कडेच्या मापात एक मिलिमीटर फरक म्हणजे साधारण अंशाचा सहावा हिस्सा. पोलादी पट्टीने एवढं वाचता येतं. चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं असणं म्हणजे कॅम्बर, ते ओळंब्याने मोजायचं. तिसरा कॅस्टर. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यास मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा कललेला असतो, तोच हा कल.

क्रम मोडायचा नाही. आधी कॅस्टर आणि कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण विशबोनची लांबी बदलली की टो आपोआप बदलतो. आणि आधी मागची चाकं, मग पुढची. मागची दोन्ही चाकं थोडी डावीकडे पाहत असतील तर सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग कायम तिरकं धरावं लागेल, आणि पुढे कितीही खटपट केली तरी ते दुरुस्त होणार नाही. पुढच्या चाकांखाली मी दोन गुळगुळीत फरश्या आणि मध्ये ग्रीस असा थर ठेवला, म्हणजे चाक वळवणारा टाय रॉड फिरवल्यावर टायर जमिनीला धरून न राहता सरकतो. माप जुळलं की चेकनट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण चेकनट आवळताना रॉड थोडा फिरतोच.

अलाइनमेंट आणि तपासणी यांची गाठ पडते ती एका जागी. तपासनीस गाडी हळू चालवतो, स्टिअरिंग वळवतो आणि पकड सैल करतो. स्टिअरिंगने आपण होऊन मधल्या जागेकडे यायला हवं. कॅस्टरमुळे वळण्याचा अक्ष टायरच्या थोडा पुढे जमिनीला टेकतो, टायर त्याच्या मागे ओढला जातो आणि सरळ होऊ पाहतो. पण हलक्या गाडीत पुढच्या चाकांवर भारच कमी, म्हणून सरळ करणारा जोर कमी. नव्या सांध्यांचं आणि स्टिअरिंग रॅकचं घर्षण मात्र पुरेपूर. अनेक घरच्या गाड्या इथेच अडतात. तपासणीपुरती टायरमध्ये जास्त हवा भरून निभावून नेणारेही आहेत. मी वरच्या विशबोनच्या मागचे वायसर पुढे-मागे करून कॅस्टर वाढवला, रॅकचा ताण सैल केला आणि दोऱ्या पुन्हा ताणल्या. ज्या मापांवर गाडी पास झाली, त्याच मापांवर मी ती आज चालवतो. स्टिअरिंग थोडं जड आहे. मला ते मान्य आहे.

गाडी पास झाल्यावर नटांवरच्या टोप्या आणि कडांवरची रबरी पट्टी काढून टाकायची पद्धत इथे बरीच रूढ आहे, गाडी मग देखणी दिसते म्हणून. मला ती पसंत नाही. शासनाने मला मुभा दिली ती त्या टोप्यांसकट दिली.

या मुभेची किंमत मराठी माणसाला जास्त कळायला हवी. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1940 च्या दशकाअखेरीपासून 1970 च्या दशकापर्यंत ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीच्या एकामागून एक आवृत्त्या बांधल्या. कारखान्यात तिचं उत्पादन कधी सुरू झालं नाही. आपल्याकडची मान्यतेची व्यवस्था आजही कारखानदाराच्या नमुन्याभोवतीच उभी आहे. त्यासाठीच्या कसोट्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये होतात. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी दरवर्षी गाड्या बांधतात, कडक तांत्रिक तपासणीतून नेतात, आणि स्पर्धा संपली की त्या गाड्या महाविद्यालयाच्या आवारातच राहतात. हात आहेत, अवजारं आहेत, तपासणारे जाणकारही आहेत. एका माणसाने बांधलेली एक गाडी तपासून तिला क्रमांक देण्याची साधी, स्वस्त आणि कडक सोय आपल्या परिवहन खात्याने करावी, आणि ती मागण्यात मोटारीचं काम येणाऱ्या प्रत्येकाने आवाज उठवावा.