उतारावरचे यंत्र

'टिकाऊ' हा शब्द दुकानदाराच्या तोंडी जितका सोपा असतो, तितका तो विकत घेणाराच्या मनात सोपा राहत नाही. तांब्याची घागर घ्यावयाची तर आमची वडीलधारी माणसे ती बोटाच्या पेराने वाजवून पाहत, आणि नाद ऐकून तिची जात ओळखीत. घागरीचे काम एकच, आणि तेही घरातल्या सपाट जमिनीवर. म्हणून तिची परीक्षा तिच्यापुरतीच करता येते. यंत्राचे तसे नाही. ते कोठे चालावयाचे, कोणी चालवावयाचे, बिघडले तर कोणी उघडावयाचे, आणि वर्षातून किती महिने ते कोपऱ्यात निजून राहावयाचे, हे सारे ठरल्याशिवाय त्याचा टिकाऊपणा ठरत नाही.

या विचारात मला पडावे लागले ते मुरबाड तालुक्यातील आमच्या तीन एकर जमिनीमुळे. आम्ही डोंबिवलीचे रहिवासी. आमच्या घरासमोर जेवढी मोकळी जागा आहे तेवढीत दोन दुचाक्या उभ्या राहतात. गवताचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. पण कल्याणहून मुरबाडचा रस्ता धरला, की हळूहळू सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागते आणि भूमी सपाटपणाचा आग्रह सोडते. आमची जमीन अशाच एका टेकडीच्या कुशीत आहे. तळाला भाताची दोन जुनी खाचरे, त्यांच्यावर पूर्वी नाचणी-वरी होत असे तो पट्टा, आणि त्याहून वर केवळ गवत. महसुली भाषेत अशा चढाच्या, हलक्या जमिनीला 'वरकस' म्हणतात. शब्दात थोडी उपेक्षा आहे, पण ठाणे जिल्ह्याच्या अर्थकारणात या वरकसाने मोठा भार वाहिला आहे. मुंबईच्या तबेल्यांतील घोड्यांना आणि गोठ्यांतील म्हशींना लागणारे गवत एके काळी येथल्याच माळांवरून जात असे.

चार महिन्यांचा पाऊस संपला, की आमच्या टेकडीवर छातीइतके गवत उभे राहते. ते कापणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. न कापलेले गवत माघ-फाल्गुनात वाळून कोळ झाले म्हणजे एका विडीच्या थोटकाने वणवा पेटतो, आणि आंब्याची पाच-पाच वर्षांची कलमे एका दुपारी करपतात. शिवाय त्यात जनावर असते. खेड्यात सापाला त्याच नावाने संबोधितात, आणि पायवाटेवर त्याची गाठ पडणे कोणालाच नको असते. तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी झालीच पाहिजे. विळ्याने कापणारी माणसे दरवर्षी कमी होत चालली. ज्यांचे हात या कामाला सरावले होते त्यांची मुले आता कारखान्यांत, गोदामांत आणि बांधकामांवर जातात. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार शहरात नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला तर मुळीच नाही.

अमेरिकेत ओहायओ राज्यात राहणाऱ्या माझ्या कन्येने यावर उपाय सुचविला. तिच्या घरामागे एकरभर हिरवळ आहे आणि ती तिचा नवरा दर शनिवारी एका बसक्या यंत्रावर आरूढ होऊन कापतो. त्याला तिकडे लॉन ट्रॅक्टर म्हणतात. आसनाखाली, पोटाशी लोखंडी झाकण, त्यात गरगर फिरणारी पाती, पुढे लहानसे इंजिन. "बाबा, तुमचा आठवड्याचा त्रास एका दिवसात संपेल," असे तिने लिहिले, आणि सोबत तेथल्या चार-पाच यंत्रांची माहितीही पाठविली. मी ती श्रद्धेने वाचली. यंत्राविषयी माझ्या मनात आकस नाही. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते अशा समजुतीने जेव्हा लोक तो घेत नव्हते, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धीर सोडला नाही, ही कथा ज्या महाराष्ट्राने अभिमानाने सांगितली, त्या महाराष्ट्रात नव्या यंत्राकडे पाठ फिरविणे शोभत नाही.

तथापि प्रत्येक यंत्राला जन्मभूमी असते, आणि ती त्याच्या हाडांत उतरलेली असते. हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने १८३० साली तयार केले. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या; कापडावरची लव समान कातरणारे दंडगोल पाते पाहून त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे हे यंत्र मुळातच लव कातरणारे आहे! जमीन कापडासारखी सपाट असावी, गवत बोटभर वाढले की ते पुन्हा कातरावे, असे त्याच्या जन्मवेळीच ठरले. पुढे त्याला इंजिन आले, आसन आले, पात्यांची ठेवण बदलली. पण स्वभाव राहिला. आमचे गवत वर्षातून एकदाच कापावयाचे, आणि तोवर ते लव राहिलेले नसते. कुसळी, मारवेल, पवन्या यांच्या वाळत आलेल्या काड्या, त्यांत दडलेले दगड, आणि मध्येच करवंदीचे जाळे, असा तो सगळा संसार आहे. दर शनिवारी मऊ हिरवळीत फिरणाऱ्या यंत्राला येथे आणणे म्हणजे सतारीच्या तारेने लाकडे बांधण्यासारखे आहे.

गवताहून कठीण प्रश्न उताराचा. उतार डोळ्यांनी मोजता येत नाही. वर जाताना तो जास्त वाटतो आणि खाली उतरताना, विशेषतः घरी जाण्याची घाई असली तर, कमी. म्हणून गावातल्या गवंड्याला बोलावून त्याच्याकडून पाणसळ आणि आठ फुटी फळी लावून तो मोजून घेतला. फळीचे एक टोक जमिनीला टेकवावयाचे, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईतो दुसरे उचलावयाचे, आणि त्या टोकाखालचे अंतर टेपने मोजावयाचे. खाचरांच्या लगत ते एक फूट भरले, म्हणजे सुमारे सात अंश. नाचणीच्या पट्ट्यात दोन फूट, म्हणजे चौदा अंश. वरच्या माळावर साडेतीन फूट. हा उतार तेवीस अंशांच्याही वर गेला. आता आसनावर बसून चालवावयाच्या बहुतेक हिरवळ-यंत्रांच्या पुस्तिकांत पंधरा अंशांच्या पलीकडे जाऊ नये अशी ताकीद असते. म्हणजे आमची अर्धी जमीन तिने आरंभीच वगळली होती.

ही ताकीद भित्रेपणाची नाही. यंत्राचे आणि त्यावर बसलेल्या माणसाचे मिळून जे वजन, त्याचा मध्य जोवर चाकांच्या आत पडतो तोवरच ते उभे राहते. आडव्या उतारावर हा मध्य खालच्या चाकाकडे सरकतो. एखादे वरचे चाक दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले, की उरलेले अंतर क्षणात संपते. म्हणून बसावयाचे यंत्र उतारावर सरळ वर-खाली चालवावे, आणि मागून ढकलावयाचे यंत्र मात्र आडवे चालवावे, कारण तेथे भय यंत्र उलटण्याचे नसून माणसाचा पाय घसरून तो पात्याखाली जाण्याचे असते. ओले गवत दोन्ही नियम निरुपयोगी करते. आमची जमीन जो सांभाळतो, तो ठाकर समाजातील वयस्क गृहस्थ मोजणीच्या वेळी शेजारी उभा होता. वरच्या माळाकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "दादा, या अंगाला बैल पन आडवा धरत नाय." पुस्तिकेतील पंधरा अंश आणि त्याचा बैल यांचे मत एकच पडले.

उतार केवळ माणसाला नव्हे, यंत्राच्या आतड्यांनाही बाधतो. पुष्कळशा लहान इंजिनांत तेल पंपाने फिरत नाही. तळाशी साठलेल्या तेलात एक लहानसा चमचा बुडतो आणि ते शिंपडतो. इंजिन फार वेळ कलते राहिले, की तेल एका अंगाला जमते, चमचा कोरडा फिरतो, आणि बाहेरून काही न दिसता आत झीज सुरू होते. ज्यांत तेलाच्या दाबाने चाके फिरतात अशी यंत्रे चालविण्यास फार सुखाची. पण सतत चढ असला तर त्यांचे तेल तापते आणि जोर ओसरतो. दातेरी गिअर असलेले यंत्र खडखडते खरे, पण उतरताना खालच्या गिअरमध्ये ते स्वतःच स्वतःला आवरून धरते. पात्यांवरचे झाकण पातळ पत्र्याचे असेल तर ओले गवत चिकटून ते आमच्या हवेत लवकर गंजते. जाड पत्रा जोडून केलेले असेल तर अधिक दिवस काढते. आणि सर्वांत मोठा शत्रू कामाचा नव्हेच, विश्रांतीचा. आठ-दहा महिने पडून राहिलेल्या यंत्रात पेट्रोलचा चिकट साका बसतो आणि उंदीर तारा कुरतडतात.

म्हणून यंत्राच्या पोलादाआधी मी दुरुस्तीची वाट पाहू लागलो. परदेशी हिरवळ-यंत्राचा पट्टा तुटला तर तो समुद्रापलीकडून येईपर्यंत गवत थांबणार नाही. उलट आपल्या देशात होणाऱ्या पंधरा-वीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरचा फिल्टर, पट्टा, क्लचची पाटी मुरबाडला नाही तर कल्याणला मिळते, आणि ते बसवणारा कारागीर आपल्या अंगणात येतो. टिकाऊपणाचा अर्धा भाग कारखान्यात घडत असेल. उरलेला अर्धा तालुक्याच्या गावातल्या तेलकट हाताच्या माणसाजवळ असतो.

माझी ही सारी टिपणे ऐकून झाल्यावर घरातून एकच प्रश्न आला. "त्यावर बसणार कोण?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. उत्तर उघड होते. मी बसणार नव्हतो. माझे गुडघे डोंबिवलीचा जिना चढतानाच तक्रार करतात. जावई बसणार नव्हता. बसणार होता तो त्या ठाकर गृहस्थाचा एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि तो मोठ्या आनंदाने बसला असता. यंत्राचे आकर्षण त्या वयाला असावेच. पैसे आमचे, निवड आमची, हौस आमची, आणि उताराशी गाठ मात्र त्याची!

या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात इतिहास आहे. कल्याणजवळच्या टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. वारली प्रतिनिधीही आले होते. त्याच वर्षीच्या कापणीच्या हंगामात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू-उंबरगाव भागात, श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी गवत कापण्याचे काम बंद केले. त्यांची मागणी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत एवढीच होती. १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या समुदायावर गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. मुंबईच्या गोठ्यात पडणाऱ्या गवताच्या पेंढीला कापणारा हात असतो, हे शहराला तेव्हा प्रथम कळले असावे. गवत कसे कापावे हा यंत्रशास्त्राचा प्रश्न खराच; पण ते कोणाच्या जिवावर कापावे हा त्याच्या आधीचा आहे, आणि यंत्र आले म्हणून तो सुटत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी ध्यानात आली. हिरवळ-यंत्र गवताचे तुकडे करून भिरकावते. विळा ते लांब ठेवतो, म्हणून त्याचे भारे बांधता येतात. त्या भाऱ्यांवर त्या कुटुंबाच्या दोन गाई उन्हाळा काढतात. जे माझ्या हिशेबी केर होते, ते त्यांच्या घरी चार महिन्यांचे दूध होते.

तेव्हा जमिनीने जे तीन भाग स्वतःच पाडले होते तेच आम्ही मानले. खालच्या सात अंशांच्या भागासाठी दोन शेजाऱ्यांच्या भागीत एक लहान ट्रॅक्टर घेतला. चारी चाकांना जोर असलेला, गिअरचा, चाकांमधील अंतर रुंद असलेला, आणि उलटला तरी चालक चिरडू नये म्हणून आसनामागे लोखंडी कमान व कमरेला पट्टा असलेला. तिघांच्या जमिनीत तो फिरतो, त्यामुळे फार दिवस निजून राहत नाही. मधल्या पट्ट्यात ट्रॅक्टर जात नाही; तेथे खांद्याला अडकवावयाचा ग्रास कटर चालतो, आणि तो उचलण्यापूर्वी डोळ्यांना चष्मा व पायांत जाड बूट घालावयाचे, कारण पाते दगड बंदुकीसारखे उडविते. वरचा माळ विळ्याकडे राहिला. तो कापणाऱ्यांना मजुरी पूर्ण द्यावयाची आणि गवतही त्यांनीच न्यावयाचे, असे ठरले. शिवाय त्या माळावर आडव्या ओळींनी वाळा आणि मध्ये जांभूळ, आवळा लावीत आहोत. मुळे माती धरतील आणि सावली वाढेल तसतसे कापावयाचे गवत आपोआप कमी होईल.

कन्येला हा निकाल कळविला, तेव्हा तिने लिहिले, "एक यंत्र विचारले होते, तुम्ही तीन घेतलीत." मोजणी तिची बरोबर आहे, फक्त त्यांतले तिसरे यंत्र आमच्याकडे फार पूर्वीपासून होते.

ट्रॅक्टरने कोठवर जावयाचे ती सीमा आम्ही दगड मांडून आखली आहे आणि दगडांना चुना दिला आहे. पावसात तो धुऊन जातो. खंडेनवमीला विळा, कोयता आणि ट्रॅक्टर यांची एकत्र पूजा होते, त्या दिवशी तो मुलगा बादली घेऊन वर जातो आणि दगड पुन्हा पांढरे करतो. ट्रॅक्टरची किल्ली त्याच्या घरी असते, आणि जमीन ओली असली तर कोणी कितीही घाई केली तरी ती त्याने खाली आणू नये, हेही ठरलेले आहे.