रविवारची गाडी

दोन जुन्या पोर्शे गाड्यांपैकी एक निवडावयाची होती; तीही केवळ रविवारच्या हौसेसाठी. स्टुटगार्टमध्ये राहून ही हौस न जडली तरच नवल!

दोन्ही १९८५ सालच्या. ९११ चे सहा सिलिंडरांचे, वाऱ्याने थंड होणारे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. त्याचा कोरडा, करकरीत आवाज कानी पडला की हिशेबी मनुष्यही क्षणभर बेहिशेबी होतो. परंतु भर वळणावर घाबरून पाय उचलणाऱ्याला मागचे ते ओझे क्षमा करीत नाही. गाडीची शेपूट चटकन बाहेर फिरते. आणि आमचा स्वभाव तर घाबरण्याचाच!

९४४ चे चार सिलिंडरांचे इंजिन पुढे, गिअरपेटी मागे. त्यामुळे भार दोन्हीकडे जवळजवळ सारखा. ती नेकारझुल्म येथील आउडीच्या कारखान्यात तयार झाली, म्हणून ९११ चे भक्त तिला सोवळ्यात घेत नाहीत. आम्हांला त्याचे काय? भय एकच, टायमिंग बेल्टचे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच बसते.

वळणाच्या रस्त्यावर दोन्हींत बसून झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “हिच्यात मी दरवाजा घट्ट धरून बसले नव्हते.”

बेल्ट बदलल्याची पावती पाहून आम्ही ९४४ घेतली. शेजारून एखादी ९११ निघाली, की काच मात्र खाली करतो.